न दिसणाऱ्या नक्षत्रांचीं गाणीं

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड ओलांडलें कीं आंबिवलीचें स्टेशन लागतें, आणि तेथून जवळच उल्हास नदीच्या कांठीं मोहने हें गांव आहे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव दूरवर ठाऊक झालें. त्याच्या आधीं ठाणें जिल्ह्यांतील शेंकडों गांवांसारखें तेंही भाताचें गांव होतें. भाताच्या गांवाला आकाशाकडे पाहण्याची हौस नसते, गरज असते. राब भाजून झाला, बांधबंदिस्ती उरकली, कीं सगळ्या गांवाचें लक्ष एका नांवाकडे लागून राहतें. तें नांव म्हणजे मृग.

परंतु ज्या दिवशीं मृग ‘निघतो’ त्या दिवशीं आकाशांत मृग शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं. हा दोष ढगांचा नव्हे. आकाश निरभ्र असलें तरी तो दिसावयाचा नाहीं; कारण जूनच्या ७ किंवा ८ तारखेस सूर्यच मृग नक्षत्रांत प्रवेश करतो, आणि तो तारकापुंज सूर्याबरोबर उगवून, सूर्याबरोबर मावळून, दिवसभर त्याच्या तेजांत बुडून राहतो. मृगाचें खरें दर्शन घडतें तें हिवाळ्यांत. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस चंद्र त्याच्या आसपास असतो, म्हणूनच त्या महिन्याला तें नांव मिळालें. त्या दिवसांत रात्र पडली कीं पूर्वेस मृगाचे चार पाय, त्याच्या पोटांत रुतलेल्या त्रिकांड बाणाच्या तीन तारा आणि पाठोपाठ येणारा तेजस्वी व्याध असा सगळा देखावा उभा राहतो. पण तेव्हां भात खळ्यावरून घरांत गेलेलें असतें आणि पावसाचा मागमूसही नसतो. जो मृग दिसतो तो पाऊस आणीत नाहीं, आणि जो पाऊस आणतो तो दिसत नाहीं. आकाशावरच्या मराठी गाण्यांचा मागोवा घ्यावयाचा, तर या विसंगतीपासून आरंभ करणें बरें.

हीं पावसाळी नक्षत्रें लोकांना कळलीं तीं डोळ्यांनीं नव्हेत, कानांनीं. वर्षप्रतिपदेस जोशी पंचांग वाचून दाखवी आणि त्यावरून वर्षाचें पाऊसपाणी मनांत मांडलें जाई. सूर्याच्या मार्गाचे २७ भाग. एकेक भाग ओलांडावयास त्याला तेरा-चौदा दिवस लागतात. त्यांपैकीं मृगापासून स्वातीपर्यंतचीं अकरा नक्षत्रें पावसाचीं. पंचांगांत प्रत्येकाचें वाहन सांगितलेलें असे. बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, मेंढा, कोल्हा, गाढव अशीं हीं वाहनें; बेडूक किंवा म्हैस आली कीं घरांत समाधान, गाढव आलें कीं चिंता. लोकांनीं पुढें या नक्षत्रांना माणसांचे स्वभाव दिले. पुनर्वसूचा पाऊस ‘तरणा’ झाला, पुष्याचा ‘म्हातारा’. प्रत्येकाच्या गुणदोषांवर यमकबद्ध म्हणी तयार झाल्या, आणि अक्षरशत्रु माणसालाही सुमारें पांच महिन्यांचें वेळापत्रक मुखोद्गत झालें. हें काव्य श्रेष्ठ आहे असा आग्रह कोणी धरणार नाहीं. पण ज्या काव्यावर पेरणीचा दिवस ठरतो त्याला लहान तरी कसें म्हणावें?

या कानांनीं ऐकलेल्या आकाशाचें सर्वांत गोड रूप म्हणजे हादगा किंवा भोंडला. सूर्य हस्त नक्षत्रांत जातो तो सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास. त्या दिवसापासून कोठें सोळा दिवस, कोठें नवरात्राचे नऊ दिवस, पाटावर हत्तीचें चित्र काढून मुली त्याभोंवतीं फेर धरतात. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, अशी रोज चढती माळ. शेवटीं खिरापत ओळखावयाची, आणि ती ओळखूं येऊं नये म्हणून आयांनीं केलेल्या युक्त्या तर घरोघर सांगण्यासारख्या असतात. गाण्यांत आकाश जवळजवळ नसतेंच. सासरचा जाच, माहेरची ओढ, वेड्याचा विनोद, कारल्याचा वेल यांनीं तीं भरलेलीं आहेत. आकाश आहे तें पाटावरच्या हत्तींत. हस्त म्हणजे हात. पांच बोटांप्रमाणें दिसणाऱ्या पांच तारकांवरून हें नांव पडलें. सोंड हाही हातच, म्हणून संस्कृतांत हत्तीला हस्ती म्हणतात; आणि हस्ताचा पाऊस गडगडाटासह कोसळतो, त्यामुळें लोकांनीं हाताचा हत्ती करून टाकला. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या चाळींत फेर धरणाऱ्या मुलींना आपण एका नक्षत्राभोंवतीं फिरत आहों याची जाणीव बहुधा नसे. आणि असती तरी तें नक्षत्र त्यांना दाखवितां आलें नसतें, कारण सूर्य त्याच्या अंगावर बसलेला!

अर्थात् दिसणारें आकाशही गाण्यांत आहे, आणि तेंही कामकरी माणसांचेंच. बायका जात्यावर बसत त्या पहाटे. वेळेची खूण म्हणजे शुक्राची चांदणी. शुक्र हा वर्षभर पहाटे उगवत नाहीं. कांहीं महिने तो पूर्वेस असतो, मग सूर्याआड जाऊन संध्याकाळीं पश्चिमेस दिसूं लागतो, आणि ही त्याची फेरी पुरी होण्यास ५८४ दिवस लागतात. गाण्याला मात्र असला खाडा मान्य नसतो. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ या नांवानें ओव्या प्रसिद्ध केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं १९८० नंतरच्या काळांत गांवोगांव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्या ढिगांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दळणारीच्या आकाशांत राहणारे सगळे नात्यागोत्याचे आहेत: उगवता नारायण हा वडीलधारा, चंद्र हा भाऊ किंवा मुलाचा मामा. सप्तर्षींना खेड्यांतून ‘खाटलें’ म्हणत, आणि मागच्या तीन तारा म्हणजे म्हातारीची खाट पळविणारे तीन चोर! अंगिरस, वसिष्ठ आणि मरीचि या थोर ऋषींची ही संभावना ऐकून शास्त्रीबोवांस काय वाटत असेल तें असो. रात्रीं राखण करणाऱ्या माणसाला ऋषींपेक्षां चोरांची आठवण अधिक होणें स्वाभाविक होतें.

खाडीच्या कांठचे कोळी चंद्राकडे पाहत ते याहूनही काटेकोर दृष्टीनें. तिथीच्या पाऊणपट जो आंकडा येईल, तितक्या वाजतां भरती पुरी होते, हा कोंकणकिनाऱ्याचा जुना हिशोब आहे. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कल्याणच्या खाडीपर्यंत भरतीचें पाणी चढतें, तेव्हां कल्याण बंदरांतील पडावांना हें तोंडी गणित घड्याळाच्या ठिकाणीं होतें. नारळी पौर्णिमेचीं कोळीगीतें या गणिताच्या पायावर उभीं आहेत, हें त्यांवर ताल धरणाऱ्या शहरवासीयांच्या ध्यानांत येत नाहीं.

संतांनीं आकाश घेतलें तें निराळ्या कारणासाठीं. त्यांना गगन हवें होतें तें निराकाराची उपमा म्हणून. सर्व कांहीं सामावून अलिप्त राहणारी दुसरी वस्तु दृष्टीस पडत नाहीं. तरीही १२९० सालीं सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभीं जो चंद्र येतो तो शरदऋतूचा आहे, आणि त्याचे कोंवळे कण टिपणारीं चकोराचीं पिलें श्रोत्यांपुढें आदर्श म्हणून ठेविलेलीं आहेत. पावसाळा संपून आकाश धुवून निघालें कीं जें चांदणें पडतें, त्याची किंमत चार महिने आभाळाखालीं कोंडलेल्या माणसालाच कळते.

आतांपर्यंत आकाश आणि गाणें यांचा संसार सुरळीत चालला होता. त्यांत पहिली फट दाखविली ती ज्योतिषांनीं, आणि त्यांतले एक ठाण्यास शाळामास्तर होते.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड येथें झाला. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें आणि पुणें अशा बदल्यांत त्यांचें आयुष्य शिक्षकीपेशांत गेलें आणि १८९८ सालीं तें अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षीं संपलें. मोठी दुर्बीण नाहीं, वेधशाळा नाहीं, वेतन बेताचें. अशा स्थितींत त्यांनीं ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ वाचतां यावा म्हणून परदेशच्या विद्वानांनीं मराठी शिकण्याची तयारी दाखविली असें सांगतात, आणि ग्रंथाची योग्यता पाहतां तें खोटें वाटत नाहीं. त्याच्या चार वर्षें आधीं, १८९२ सालीं, त्यांनीं सामान्य वाचकांसाठीं ‘ज्योतिर्विलास’ लिहिलें आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव जोडलें. मराठी माणसाला हातीं धरून अंगणांत नेणारें आणि हा रोहिणीचा गाडा, हा मृग, हा व्याध असें दाखविणारें हें पुस्तक होतें. पंचांगांत ऐकलेलीं नांवें आणि आकाशांतल्या ठिणग्या यांची गांठ घालून देण्याचा हा प्रयत्न. त्याला मौज म्हणणाऱ्या ग्रंथकाराचा विनय मोठा म्हटला पाहिजे.

दीक्षितांना प्राचीन वाङ्मय हें केवळ वाङ्मय वाटत नसे. शतपथ ब्राह्मणांत एके ठिकाणीं असें सांगितलें आहे, कीं इतर नक्षत्रें ढळतात, पण कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत. आज कृत्तिका पाहिल्या तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. मग ज्यानें हें लिहिलें तो चुकला काय? दीक्षितांनीं उत्तर दिलें, कीं तो चुकला नाहीं. त्यानें पाहिलें तेव्हां कृत्तिका खरोखरच ठीक पूर्वेस उगवत असत, आणि गणितानें तो काळ इसवी सनापूर्वी सुमारें ३००० वर्षें येतो. याच सुमारास, १८९३ सालीं, लोकमान्य टिळकांनीं ‘ओरायन’ प्रसिद्ध करून वसंतसंपात मृगांत होता तेव्हांच्या स्मृति वेदांत जपलेल्या आहेत असें प्रतिपादन केलें आणि वेदकाल त्याहूनही मागें नेला. या दोन्ही अनुमानांवर पाश्चात्त्य पंडितांनीं हरकती घेतल्या आणि वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. परंतु कवितेची एक ओळ ही एका विशिष्ट रात्रीं, विशिष्ट ठिकाणीं उभ्या असलेल्या माणसाची साक्ष असूं शकते, हा विचार त्या वेळीं महाराष्ट्रांत रुजला, आणि तो गणिताच्या निष्कर्षापेक्षां मोठा होता.

कृत्तिका ढळल्या त्याचें कारण पृथ्वीच्या आंसाची मंद भोंवरागति. सुमारें २६,००० वर्षांत तिची एक फेरी होते. ऋतूंचें वर्ष सूर्याच्या संपाताशीं बांधलेलें, तर नक्षत्रांचें वर्ष ताऱ्यांशीं. दुसरें पहिल्यापेक्षां वीस मिनिटांनीं मोठें. वीस मिनिटें ही कांहींच नव्हेत असें वाटेल. पण ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. दीक्षितांच्या काळीं मकरसंक्रांत १२ जानेवारीस पडे. पुढें ती १४ वर आली, कधीं १५ वरही जाते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या काळाशीं तुलना केल्यास मृग आज ऋतूच्या मानानें दहा दिवस उशिरां निघतो. तेव्हां तो आजच्या मोजणीनें मेच्या अखेरीसच निघत असला पाहिजे. वराहमिहिराच्या काळीं तर तो मेच्या मध्यास निघे, म्हणजे कोंकणांत पाऊस येण्याच्या तीन आठवडे आधीं. मृग म्हणजे पाऊस हें समीकरण सनातन नाहीं. तें कांहीं शतकांपुरतें जमून आलेलें आहे. पाऊस आपली वेळ पाळील असें गृहीत धरलें, तर आणखी साडेनऊशें वर्षांनीं पहिल्या सरीच्या वेळीं सूर्य मृगांत नव्हे, रोहिणींत असेल, आणि मृगावर रचलेल्या सगळ्या म्हणी लटक्या पडतील.

यावर उपाय म्हणून दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आदि मंडळींनीं सायन पंचांगाचा पुरस्कार केला. नक्षत्रें ताऱ्यांवरून न मोजतां संपातावरून मोजावीं, म्हणजे सण आणि ऋतु यांची फारकत होणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. यांतले मोडक विशेष लक्षांत घेण्याजोगे. कारण ते ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाचे एक संपादक होते. जुनीं काव्यें शोधून छापणारा आणि आकाशाची मोजणी दुरुस्त करूं पाहणारा असा एकच माणूस त्या पिढींत असूं शकत होता.

सायन पंचांग शास्त्राला धरून होतें, तरी लोकांत रुळलें नाहीं. धर्मशास्त्राचे वाद झाले ते झालेच. पण साधी गोष्ट अशी कीं तें स्वीकारल्यास मृग एकदम २२ दिवस मागें, मेच्या मध्यावर गेला असता. कल्याण-मुरबाडच्या शेतकऱ्याला त्या दिवशीं रणरणत्या उन्हाखेरीज किंवा फार तर एखाद्या वळिवाच्या सरीखेरीज कांहीं दिसलें नसतें. हादगा भाद्रपदाच्या ऐन पावसांत घालावा लागला असता. शिवाय सायन हस्तांत हस्ताच्या तारका नसणार. म्हणजे निरयन पद्धतींत नांव हळूहळू पावसापासून सुटतें, सायन पद्धतींत तें ताऱ्यापासून सुटतें. गाण्याला तर दोन्ही हवीं असतात. या पेंचांतून सुटका नाहीं हें दीक्षितांसारख्या गणितज्ञाला दिसत नव्हतें असें नाहीं. त्यांनीं ऋतूची बाजू घेतली आणि गांवांनीं आजच्या पावसाची. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तींत महिने सायन आणि नक्षत्रें निरयन अशी तडजोड केलेली आहे. ती शहाणपणाची आहे, पण तिच्यावर अजून कोणी गाणें रचलेलें ऐकिवांत नाहीं.

दरम्यान आकाशाचें आणखी एक काम काढून घेण्यांत आलें होतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं आगगाडी ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणला पोंचली. गाडी शुक्राच्या चांदणीवर सुटत नाहीं. प्रत्येक गांवाची दुपार त्याच्या डोक्यावरच्या सूर्यावरून ठरत असे, तेथें दूरच्या शहराची वेळ स्टेशनच्या घड्याळांत आली. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशाला एकच वेळ लागू झाली, ती मुंबईच्या सूर्यापेक्षां ३९ मिनिटें पुढें. मुंबईकरांनीं हें इतकें मनावर घेतलें, कीं शहरांत कांहीं ठिकाणीं जुनी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून होती. मोहन्यास कारखाना आला तेव्हां ही फेरफार पुरी झाली. रेयॉनचा धागा अखंड ओढावा लागतो, म्हणून असे कारखाने रात्रंदिवस चालतात. पाळीला निघालेल्या माणसाला पहाट कोणत्या तारेनें झाली याच्याशीं कर्तव्य उरत नाहीं.

आणि नेमकें याच काळांत मराठी कवि आकाशाकडे पूर्वी कधीं पाहिलें नाहीं अशा डोळ्यांनीं पाहूं लागले. हा योगायोग नव्हे. ज्या वस्तूचें ओझें उतरतें ती सुंदर दिसूं लागते. १८९० सालीं धरणगांव येथें जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनांत ‘बालकवि’ ही पदवी मिळाली. त्यांच्या ‘फुलराणी’त पहाटेचें आकाश लग्नमंडप झालें आहे, तेथें कोणाला दळावयाचें नाहीं कीं पेरावयाचें नाहीं. हा कवि १९१८ सालीं भादली स्टेशनाजवळ आगगाडीखालीं सांपडून गेला, त्या वेळीं त्याला अठ्ठाविसावें वर्षही पुरें झालेलें नव्हतें.

कुसुमाग्रजांची गोष्ट याहून वेगळी. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ तयार केल्यापासून नवें ज्योतिष मराठींत येत होतें. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें शाळेंतल्या पोरालाही पाठ झालें होतें. पण पाठ होणें निराळें आणि अंगांत भिनणें निराळें. १९४२ सालच्या ‘विशाखा’ या संग्रहांतील ‘पृथ्वीचें प्रेमगीत’ या कवितेंत फिरणारी पृथ्वीच बोलते, आणि आपण ज्याच्याभोंवतीं फिरतों त्या सूर्याखेरीज चंद्र, शुक्र, मंगळ, ध्रुव यांपैकीं कोणालाही ती जुमानीत नाहीं. हजारों वर्षें गाणें जमिनीवरून वर पाहत होतें. येथें जमीनच आकाशांत निघाली. संग्रहाचें नांवही एका नक्षत्राचें ठेविलेलें आहे, आणि तें नक्षत्र स्वातीच्या पुढचें, म्हणजे पावसाळा आटोपल्यानंतरचें आहे.

जुनें, कामाचें आकाश गाण्यांतून अगदींच गेलें असें मात्र नाहीं. उल्हास नदी राजमाचीच्या बाजूनें उतरून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत मोहन्याकडे येते. त्या वरच्या डोंगरांत ठाकरांची वस्ती आहे. गो. नी. दांडेकरांच्या ठाकरांवरील कादंबरीवरून १९७७ सालीं ‘जैत रे जैत’ हा चित्रपट निघाला. त्याचीं गीतें ना. धों. महानोर यांनीं लिहिलीं आणि चाली हृदयनाथ मंगेशकर यांनीं दिल्या. महानोर स्वतः पळसखेडचे शेतकरी. त्यामुळें त्या गीतांत आभाळ खालीं वांकून येतें तें शोभेसाठीं नव्हे. शहरांतल्या श्रोत्यांनीं तीं गाणीं प्रेमगीतें म्हणून डोक्यावर घेतलीं. डोंगरांतल्या माणसाला त्यांत आधीं पाऊस ऐकूं आला असेल.

मोहन्याचा कारखाना २००९ सालीं बंद पडला. हादगा कल्याण-डोंबिवलींत अजून घातला जातो. अनेक ठिकाणीं तो आतां सोयीच्या रविवारीं, एकाच दिवशीं आणि सभागृहांत असतो, आणि सोळा दिवसांचीं गाणीं एका संध्याकाळीं उरकलीं जातात. पाटावर हत्ती मात्र असतोच. ज्या नक्षत्राचा तो हत्ती आहे, तें त्या दिवसांत दिसत नाहीं. सूर्य पुढें सरकल्यावर, आक्टोबरच्या अखेरीस, तें पहाटे आग्नेयेच्या बाजूस क्षितिजावर येऊं लागतें. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठीं जें घर सूर्योदयापूर्वीं तासभर उठतें, त्याला गच्चीवरून, दिव्यांच्या उजेडाकडे पाठ केली असतां, हाताच्या बोटांसारख्या त्या पांच तारका पाहतां येतात.